मिरज जंक्शन व रुळांची रुंदी

मिरज म्हटलें कीं कोणास तंबोरे आठवतात, कोणास वानलेस यांचें रुग्णालय. सांगली जिल्ह्यांतील या गांवचें स्टेशनहि तितकेंच लक्षांत ठेवण्याजोगें आहे; मात्र त्याची खरी कथा इमारतींत नसून रुळांमधील अंतरांत आहे.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळांत दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या मोठ्या मुलखास धान्य पोंचविण्यास लोहमार्गच नव्हता. त्या अनुभवानंतर १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. पुण्याहून सातारा जिल्ह्यांतून मिरजेस आलेला तिचा मार्ग खर्च बेताचा राहावा म्हणून मीटर रुंदीचा केला. १८९१ सालीं कोल्हापूर संस्थानचा फाटा येऊन मिळाला. तोहि त्याच रुंदीचा. १९२७ सालीं मात्र पंढरपुराकडून बार्शी लाइट रेल्वे आली, आणि तिचे रूळ अवघे अडीच फुटांचे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरानें भार अनेक चाकांवर वांटून या चिमुकल्या रुळांवरून भरपूर माल नेण्याची युक्ति साधली होती. वारकऱ्यांना तर ही गाडी घरचीच वाटे.

अडचण एवढीच, कीं एका रुंदीचा डबा दुसऱ्या रुंदीवर चालत नाहीं. लातुराकडील पोतें कोल्हापुरास जावयाचें, तर तें मिरजेस उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यांत चढविलें पाहिजे. त्यांत वेळ जाई, मजुरी पडे, पोतीं फाटत. १९७१ सालीं पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग साडेपांच फुटांचा झाला. बेळगांवकडील मार्ग मीटरचा व पंढरपूरचा अडीच फुटांचा राहिला. म्हणजे एकाच स्टेशनांत तीन रुंद्या नांदूं लागल्या! प्रेक्षकांस हें कौतुकाचें. व्यापाऱ्यांस मुळींच नव्हे.

पुढें उरलेले दोन्ही मार्गहि रुंद झाले. याचें मोल २०१६ च्या एप्रिलांत कळलें. लातूर शहराचें पाणी आटलें होतें. कोटा येथें वाफेनें धुतलेल्या टांक्यांचे दहा डबे मिरजेस आले; प्रत्येकांत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी भरलें. ११ एप्रिलला निघालेली ही गाडी पंढरपूर, कुर्डुवाडीवरून सुमारें साडेतीनशें किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशीं लातुरास पोंचली. मागाहून पन्नास डब्यांच्या गाडीनें एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी जाऊं लागलें. लातुरास तें स्टेशनाजवळच्या विहिरींत सोडीत. वाटेंत मात्र एकदांहि डबा बदलावा लागला नाहीं.