पाकट मासा आणि गळाचे नियम

कोकणच्या किनाऱ्यावर चपट्या, रुंद अंगाच्या ज्या माशाला पाकट म्हणतात, त्याचा एक प्रचंड भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. त्याची रुंदी दोन मीटरहून अधिक आणि वजन 300 किलोपेक्षा जास्त होऊ शकते. पाठ करडी-काळसर व गुळगुळीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि अंगाच्या मानाने आखूड, जाड शेपटी, या खुणांवरून तो ओळखता येतो. त्याच पाण्यातील गरुड-पाकटाची शेपटी मात्र चाबकासारखी लांब असते.

तेथील व्हिक्टोरिया राज्यात सुट्टीच्या दिवशी अनेक लोक धक्क्यांवर गळ टाकून बसतात. धरलेली मासळी तेथेच साफ करून आतडी पाण्यात टाकली जातात. त्या आयत्या खाद्यासाठी पाकट धक्क्यापाशी येतात, वारंवार येतात आणि माणसाला सरावतात. अशा प्राण्याला गळाला लावण्यात फारसे कौशल्य नाही. तरीही केवळ मोठेपणाच्या हौसेने असे मासे मारले जात. एका वेळी मोजकीच पिल्ले देणाऱ्या या माशाच्या मोठ्या माद्या गेल्या, तर ती उणीव लवकर भरून निघत नाही.

म्हणून 2017 मध्ये त्या राज्याने हौशी मासेमारीचे नियम कडक केले. त्या नियमांनुसार दीड मीटरपेक्षा रुंद पाकट ठेवता येत नसे. तो पाण्यात परत सोडावा लागे. त्याहून लहान असला, तरी एका व्यक्तीला दिवसाला एकच घेता येत असे. धक्का किंवा लाटारोधक बांध यांपासून 400 मीटरच्या आत तर एकही घेता येत नसे. लांबीऐवजी रुंदी मोजण्याचे कारण उघड आहे: शेपटीची लांबी जातीनुसार बदलते, शिवाय ती तुटलेलीही असू शकते. हे नियम पाकटाच्या सर्व जातींना लागू असल्यामुळे जातीविषयी शंका असली, तरी मोजपट्टी पुरत असे.

सोडतानाही काळजी हवी. शेपटीवर करवतीसारख्या दातांचा विषारी काटा असतो. 2006 मध्ये प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू अशाच काट्याने झाला. परंतु पाकट स्वतःहून हल्ला करीत नाही. दबला किंवा घाबरला, तरच शेपटी उगारतो. त्यामुळे मोठा पाकट धक्क्यावर ओढून न घेता, तो पाण्यात असतानाच दोरी गळाच्या शक्य तितक्या जवळ कापतात.