शिवडीची खाडी

लालबागच्या रस्त्यावर उभे राहिले, म्हणजे उंच इमारती आणि माणसांची वर्दळ यांपलीकडे दृष्टी पोहोचत नाही. समुद्र येथून जवळच आहे, याची आठवणही होत नाही. पण मुलांनो, मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकी परळ हे बेट लालबागला लागूनच होते. मधली खाजणे भरून ही बेटे जोडली गेली. तथापि परळच्या पूर्वेस, शिवडीला, त्या बेटाची जुनी सखी अजून भेटते. ती म्हणजे शिवडीची खाडी.

ओहोटीच्या वेळी शिवडीच्या बंदरावर जावे. पाणी दूर सरलेले असते आणि डोळ्यांपुढे काळसर चिखल पसरलेला दिसतो. हे दृश्य प्रथम कोणालाही ओंगळ वाटेल. पण क्षणभर थांबावे. चिखलावर खेकडे तुरुतुरु धावतात, निवट्या उड्या मारतात. काठाची तिवरे आपल्या मुळांनी माती धरून ठेवतात व लाटांचा जोर मोडतात. १९९० नंतरच्या वर्षांत येथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ व जीव खातात. त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो, तो या अन्नामुळेच! काळ्या चिखलातून असा रंग निघतो, हे केवढे नवल!

या चिखलाने माणसासाठी आणखीही काही जपले आहे. शिवडीच्या दक्षिणेस १८७८ साली प्रिन्सेस गोदी खोदली जात असताना चिखलाखाली खैराचे शेकडो वृक्ष आढळले. त्यांतील कित्येक जागच्या जागी उभे होते. खैर तर कोरड्या जमिनीवर वाढणारा वृक्ष. तेव्हा जेथे आज समुद्र आहे, तेथे एके काळी रान होते व पुढे ती भूमी खचली, हे उघड झाले. चिखलात हवा शिरत नाही, म्हणून ते लाकूड टिकले.

खाडीपलीकडे घारापुरीचे बेट आहे. तेथे भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. लेणी खोदली जाण्यापूर्वीच दूरदेशीची गलबते या पाण्यात येत असत, असे त्यांवरून दिसते. पुढे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी तेथील डोंगर पोखरून तीन मुखांची भव्य शिवमूर्ती घडविली. आणि अलीकडच्या तीरावर? परळ येथे १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता सुमारे बारा फूट उंचीची एक शिळा निघाली. तिच्यावर एकमेकींतून उमललेल्या सात शिवाकृती आहेत. तीही जवळजवळ त्याच काळातील! खाडीने दोन्ही तीरांना दुरावले नाही, उलट जोडले.

परंतु माणूस नेहमीच जपतो असे नाही. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली हलविताना फुटला. त्याचे तुकडे पुढे सांधले गेले व आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. फुटलेला दगड सांधता येतो. बुजविलेली खाडी मात्र पुन्हा मोकळी करता येत नाही. २०२४ साली शिवडीहून समुद्रावरचा लांब पूल सुरू झाला. शहर वाढते, त्याला रस्ते हवेत. मात्र ज्या चिखलातून पाखरांना अन्न व आपल्याला इतिहास मिळाला, तो टाकाऊ समजून चालणार नाही. खाडीचा उत्तरेकडील भाग, म्हणजे ठाण्याची खाडी, २०२२ साली जागतिक महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून गणली गेली आहे.

एखाद्या दिवशी तुम्हीही ओहोटीची वेळ पाहून शिवडीला जा. समोर दिसेल तो नुसता चिखल नव्हे. ते आपल्या नगरीचे सर्वांत जुने पुस्तक आहे. त्याची पाने बुजू न देणे, हे आता तुमच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. खैराचे वृक्ष सापडल्यामुळे कोणती गोष्ट उघड झाली?
२. ‘खाडीने दोन्ही तीरांना जोडले’ असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या घराजवळच्या एखाद्या जुन्या जलाशयाची माहिती वडील मंडळींना विचारून लिहा.