फाईल उघडायला वेळ का लागतो?

संगणकावर एखादी फाईल क्षणार्धात उघडते, तर एखादीसाठी ताटकळत बसावे लागते. आपण सारा दोष यंत्राला देतो. परंतु पुष्कळदा त्याचे कारण फाईलच्या 'फॉरमॅट'मध्ये, म्हणजे मजकूर साठवण्याच्या पद्धतीत असते.

खेड्यातल्या दुकानदाराची उधारीची वही आठवा. खुणा, आकडे, अर्धवट नावे! त्याला एका नजरेत हिशेब कळतो. दुसऱ्याला काही उमगत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डचा जुना 'डॉक' फॉरमॅट काहीसा असाच होता. त्या काळचे संगणक मंद. म्हणून फाईलची रचना प्रोग्रॅमच्या अंतर्गत मांडणीशी जुळती ठेवलेली होती. वर्डला ती चटकन वाचता येई. इतर प्रोग्रॅमना मात्र ती अवघड जाई. या रचनेचा तपशील कंपनीने २००८ साली सर्वांसाठी प्रसिद्ध केला.

दरम्यान २००५ साली 'ओपनडॉक्युमेंट' हे खुले प्रमाण मान्य झाले, आणि ऑफिस २००७ बरोबर 'डॉकएक्स' आले. या दोहोंत मजकूर 'एक्सएमएल' नावाच्या पद्धतीने लिहिलेला असतो. 'हा परिच्छेद', 'हे ठळक अक्षर' अशा चिठ्ठ्या प्रत्येक तुकड्याला लावतात आणि सर्वांचे एक 'झिप' गाठोडे बांधतात. फाईल उघडताना आधी गाठोडे सोडायचे, मग चिठ्ठ्या वाचायच्या, मग स्मृतीत मांडणी करायची, एवढा खटाटोप असतो. हजारो ओळींच्या तक्त्यात तर प्रत्येक आकडा अक्षरांतून पुन्हा संख्येत आणावा लागतो. म्हणूनच एक्सेलमध्ये मोठ्या तक्त्यांसाठी 'एक्सएलएसबी' हा द्विमान फॉरमॅटही ठेवलेला आहे; तो बहुधा लवकर उघडतो.

आणखी एक कारण म्हणजे परका फॉरमॅट. लिबरऑफिसमध्ये 'डॉकएक्स' उघडताना त्याचे एक प्रकारे भाषांतरच करावे लागते. रोजचे काम प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवावे आणि मोठी चित्रे लहान करून घालावीत, म्हणजे बराच वेळ वाचतो.

मग जुनी पद्धतच बरी म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. दुकानदार गेला की त्याची वही मुकी होते. खुली फाईल चार क्षण जास्त घेते. पण उद्या तो प्रोग्रॅम नाहीसा झाला, तरी दुसरा कोणी ती वाचू शकतो. आमच्यासारख्या घरांत लेखी कागद जपण्याची ही पहिलीच पिढी आहे. आपले लिहिलेले नातवंडांनाही वाचता यावे, यासाठी चार क्षण थांबणे महाग नाही.