खिडकी न उघडता ओपनसीव्ही

मागच्या भागात आपण ओपनसीव्हीने चित्र वाचलं, करडं केलं आणि 'इमशो' लिहून पडद्यावर पाहिलं. आज नेमकं उलटं करायचं आहे. चित्रावर सगळे संस्कार करायचे, पण पडद्यावर एकही खिडकी उघडायची नाही.

असं कशासाठी? समजा, एखाद्या ग्रंथालयाने जुन्या मराठी पुस्तकांची 10,000 पानं स्कॅन केली आहेत आणि बरीचशी वाकडी आली आहेत. देवनागरीत शिरोरेखा असते, त्यामुळे पान किती अंशांनी कललं आहे हे शोधणं तसं सोपं. ती आडवी रेघ पकडायची, तिचा कोन मोजायचा आणि पान तेवढं उलट फिरवायचं. हे काम रात्रभर सर्व्हरवर चालणार. सर्व्हरला मॉनिटर नाही, समोर माणूसही नाही. तिथे खिडकी उघडणार कुठे आणि बघणार कोण?

आता या लायब्ररीची रचना बघा, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. ओपनसीव्हीची सुरुवात 1999 साली इंटेलमध्ये झाली. ती एकसंध नाही, तिचे विभाग आहेत. चित्र फिरवणं, धूसर करणं, कडा शोधणं ही कामं एका विभागात. खिडक्या 'हायजीयूआय' नावाच्या वेगळ्या विभागात. हा विभाग लिनक्सवर जीटीके किंवा क्यूटी यांच्याशी बोलतो, मॅकवर कोकोशी. पूर्वी चित्र वाचणारं 'इमरीड' आणि साठवणारं 'इमराइट' हीसुद्धा याच विभागात होती. आवृत्ती 3 मध्ये त्यांना स्वतंत्र घर मिळालं. म्हणजे वाचणं, बदलणं, साठवणं यांतल्या कशालाच खिडकी लागत नाही.

तरीही सर्व्हरवर पहिल्याच ओळीला, नुसतं 'इम्पोर्ट सीव्ही-टू' म्हटल्यावर, 'लिबजीएल' नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. विशेषतः डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये हे हमखास होतं. आपण खिडकी मागितलेलीच नसते, पण नेहमीचं पॅकेज खिडक्यांचा संसार बरोबर घेऊन येतं. उपाय सरळ आहे: 'ओपनसीव्ही-पायथॉन'ऐवजी 'ओपनसीव्ही-पायथॉन-हेडलेस' बसवायचं. इम्पोर्टची ओळ तीच राहते.

इथे एक मेख आहे बरं का. दोन्ही पॅकेजं एकाच 'सीव्ही-टू' फोल्डरात फायली टाकतात. दोन्ही बसवली की कुठली फाइल कुणाची याचा पत्ता लागत नाही. आणि पुष्कळदा दुसरं पॅकेज आपण बसवलेलंच नसतं, तिसरीच एखादी लायब्ररी ते ओढून आणते. अशा वेळी ओपनसीव्हीची सगळी पॅकेजं काढून टाकायची आणि हवं ते एकच पुन्हा बसवायचं.

हेडलेसमध्ये 'इमशो' राहून गेलं तर? प्रोग्रॅम सुरू होतो, चालतो, आणि त्या ओळीवर पोचला की 'हे फंक्शन उपलब्ध नाही' म्हणून थांबतो. ती ओळ 'कोन संशयास्पद असेल तरच दाखव' अशा अटीत दडलेली असेल तर पहाटे 3 वाजता, 7,000व्या पानावर काम बंद पडेल. पुष्कळ जण 'इमशो' आठवणीने काढतात, पण शेवटचं 'डिस्ट्रॉय ऑल विंडोज' विसरतात. तेही तसंच आपटतं.

काही जण एक्सव्हीएफबी वापरतात. म्हणजे स्मृतीतच एक खोटा पडदा तयार करायचा आणि खिडक्या तिथे उघडू द्यायच्या. दुसऱ्याचा प्रोग्रॅम आहे, त्यात हात घालता येत नाही, तर हे ठीक. स्वतःच्या कोडसाठी मात्र आम्हाला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. शिवाय कोडमध्ये 'वेटकी' शून्य देऊन लिहिलेलं असेल तर ते कळ दाबली जाण्याची वाट बघत बसतं. कळ दाबणारं कोणी नाही. चूक दिसत नाही, काम पुढे सरकत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. खिडकी असते तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसतो. ती गेली की बिघाड गप्प होतो. 'इमरीड'ला फाइल सापडली नाही तर ते ओरडत नाही, नुसतं 'नन' परत देतं. 'इमराइट'ला फोल्डर मिळालं नाही तर बहुतेक वेळा 'फॉल्स' म्हणतं आणि आपण ते तपासतच नाही. सकाळी बघावं तर फोल्डर रिकामं.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. चित्रातल्या किमती 0 ते 1 अशा दशांशात असतील तर 'इमशो' त्यांना स्वतःहून 255 ने गुणून दाखवतं. 'इमराइट' गुणत नाही. त्यामुळे घरी पडद्यावर स्वच्छ दिसलेलं पान सर्व्हरवर पीएनजी म्हणून साठवलं की काळंकुट्ट. साठवण्याआधी 255 ने गुणून 8 बिटांत आणायचं, एवढंच.

मग बघायचं कसं? आम्ही असं करू: प्रत्येक पानाचं नाव आणि सापडलेला कोन लॉगमध्ये लिहायचा. दर 100 पानांमागे एकाची छोटी प्रत, सापडलेली शिरोरेखा लाल रंगात काढून, वेगळ्या फोल्डरात टाकायची. लाल म्हणजे 0, 0, 255, कारण इथे क्रम निळा, हिरवा, लाल असा आहे. कोन 10 अंशांपेक्षा जास्त आला तर ते पान फिरवायचंच नाही, बाजूला ठेवायचं. शिरोरेखेऐवजी कोष्टकाची किंवा नक्षीची तिरकी रेघ पकडली गेलेली असू शकते, आणि वाकड्या पानापेक्षा चुकीचं फिरवलेलं पान वाईट.

(श्रोत्यांतून प्रश्न: कोलॅबवर 'इमशो' चालत नाही, ते याचमुळे का?)

हो, कारण तेच. प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर चालतो, खिडकी तिथे उघडून उपयोग काय? म्हणून कोलॅबने 'सीव्ही-टू इमशो' नावाचं स्वतःचं फंक्शन दिलं आहे. ते चित्र वहीतच, कोडच्या खाली दाखवतं. मॅटप्लॉटलिबही चालेल, फक्त आधी रंगांचा क्रम बदलून घ्या, नाहीतर माणसांचे चेहरे निळे दिसतील.