रिकामी सीट शेवटच्या दिवशी स्वस्त का होत नाही?

मागचं व्याख्यान संपल्यावर जिना उतरताना एका आजोबांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "मंडईत रात्री आठनंतर मेथीची जुडी निम्म्या भावात देतात, कारण उद्या ती सुकणार. विमान एकदा उडालं की रिकामी सीटसुद्धा गेलीच की! मग विमानाचं तिकीट शेवटच्या दिवशी स्वस्त व्हायला हवं. ते दुप्पट-तिप्पट का होतं?"

प्रश्न इतका नेमका होता की आजचं सगळं व्याख्यान त्यावरच बेतलं आहे.

सीट मेथीसारखीच नाशवंत, यात वाद नाही. फरक आहे तो गिऱ्हाइकात. रात्री आठला मंडईत कोण येतो? ज्याला स्वस्तात हवी आहे आणि मेथी नाही मिळाली तर बटाट्यावर भागवायची ज्याची तयारी आहे, तो. आणि विमानाच्या आदल्या दिवशी तिकीट शोधायला कोण येतो? ज्याची उद्या सकाळी दिल्लीत मीटिंग आहे, ज्याची मुलाखत आहे, ज्याच्या घरून वाईट बातमीचा फोन आला आहे. त्याला बटाट्यावर भागवता येत नाही. शेवटी येणारा माणूस मंडईत सर्वांत कमी अडलेला असतो, विमानात सर्वांत जास्त. बाकीचं गणित यातूनच निघतं.

आणि समजा, एखाद्या कंपनीने उदार होऊन शेवटच्या दिवशी भाव पाडायला सुरुवात केली, तर काय होईल? दोन-चार महिन्यांत ही गोष्ट सगळ्यांना कळेल आणि आधी कोणी तिकीट काढणारच नाही. म्हणून कंपनी दहा-वीस सीट रिकाम्या घेऊन उडते, पण ही सवय लागू देत नाही. त्या रिकाम्या सीट म्हणजे तोटा नव्हे, तो शिस्तीचा खर्च आहे.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलला आणि भाडं ठरवायची मोकळीक विमानकंपन्यांना मिळाली. लगेच नव्या, स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली पीपल एक्स्प्रेस १९८१ पासून उडू लागली. तिची भाडी इतकी कमी की जुन्या कंपन्यांना घाम फुटला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ च्या जानेवारीत उत्तर दिलं. त्यांनी सगळं विमान स्वस्त केलं नाही. काही सीट पीपल एक्स्प्रेसच्या भावात विकल्या आणि उरलेल्या महाग ठेवल्या. स्वस्त तिकिटाला अटी घातल्या: खूप आधी काढलं पाहिजे, मुक्काम ठरावीक दिवसांचा हवा, पैसे सहज परत मिळणार नाहीत. अशा अटींवर कामासाठी फिरणारा माणूस तिकीट काढत नाही, सहलीला जाणारा काढतो. एकाच विमानात दोन प्रकारची माणसं आणि मध्ये अटींचं कुंपण. पीपल एक्स्प्रेसकडे कोणत्या भावाच्या किती सीट ठेवायच्या हे ठरवणारी संगणकयंत्रणाच नव्हती. १९८६ मध्ये ती कंपनी विकली गेली.

गंमत पुढे आहे. आपण ज्यांना बजेट एअरलाइन म्हणतो, त्यांनी ही कुंपणं बहुतेक मोडून टाकली. एकेरी तिकीट घ्या, परतीची सक्ती नाही, मुक्कामाची अट नाही. ग्राहकाला सोपं, कंपनीला स्वस्त. पण कामाचा प्रवासी आणि सहलीचा प्रवासी वेगळे ओळखायचे कसे? एकच खूण उरली: तुम्ही किती दिवस आधी येता. तारीख हेच कुंपण झालं. म्हणून बजेट एअरलाइनचं भाडं उड्डाण जवळ येईल तसं इतकं चढताना दिसतं.

हिशेब कसा करतात? १९७२ मध्ये ब्रिटनच्या बी.ओ.ए.सी. कंपनीतले केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. समजा, पुणे-दिल्ली विमानात १८० सीट आहेत. आज एक माणूस ३,५०० रुपये द्यायला तयार आहे. उड्डाणाच्या आठवड्यात येणारा माणूस ९,००० देईल. ही सीट आज विकायची की राखून ठेवायची? ३,५०० भागिले ९,००० म्हणजे साधारण ३९ टक्के. ती सीट पुढे ९,००० ला जाण्याची शक्यता ३९ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर राखा, कमी असेल तर आज विका. जुन्या नोंदींवरून कंपनीला अंदाज असतो. शेवटच्या आठवड्यात निदान तीस जण येण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर तिसावी सीट राखायची. साठ जण येण्याची शक्यता २० टक्केच असेल, तर साठावी सीट आज साडेतीन हजाराला देऊन टाकायची. आजची यंत्रणा यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, पण मुळाशी हाच विचार आहे.

प्रत्यक्षात भाव दोन नसतात, दहा-बारा किंवा त्याहून जास्त असतात. प्रत्येक भावाचा एक कप्पा. कप्प्यांचे भाव आधीच ठरलेले असतात. मिनिटामिनिटाला बदलतं ते एवढंच की आत्ता कोणते कप्पे उघडे आहेत. 'भाडं वाढलं' म्हणजे बहुतेक वेळा खालचा कप्पा संपला किंवा बंद केला. आपल्या रेल्वेने २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लावलं, ते याचंच बाळबोध रूप होतं. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, दीडपटीला थांबायचं. रेल्वेची शिडी एकाच दिशेने चढते. विमानाचे कप्पे मात्र पुन्हा उघडूही शकतात. एखाद्या ग्रुपने अडवलेल्या सीट सोडल्या, प्रतिस्पर्ध्याने त्याच वेळेला दुसरं विमान सुरू केलं, किंवा बुकिंग अंदाजापेक्षा मंद चाललं, की खालचा कप्पा परत उघडतो. काल ६,२०० दिसणारं तिकीट आज ५,१०० ला मिळतं, ते यामुळे.

हे कप्प्यांचं कळलं की एक गोष्ट लगेच उपयोगी पडते. तुम्ही चौघांसाठी एकदम शोधता आणि स्वस्त कप्प्यात तीनच सीट उरलेल्या असतात. तेव्हा यंत्रणा साधारणपणे तिघांना स्वस्त आणि चौथ्याला महाग असं दाखवत नाही. चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते. म्हणून आधी एकासाठी शोधून बघा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाव उडी मारत असेल तर तिकिटं दोन वेळा मिळून काढा. मात्र मग पी.एन.आर. वेगळे होतात. विमान रद्द झालं तर चौघांची सोय एकत्र लागेलच असं नाही. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर पाचशे रुपयांसाठी आम्ही हा उद्योग करणार नाही.

आता नेहमीची शंका. "आम्ही दोनदा बघितलं, म्हणून कंपनीने भाव वाढवला. गुप्त विंडोत बघावं का?" बघा, बिघडत काही नाही. पण भाव हलण्याचं कारण बहुतेकदा तुमचा ब्राउझर नसतो. तुमच्यासारखेच आणखी शंभर जण तेच विमान बघत असतात आणि त्यातले चार जण पैसे भरून मोकळे होतात. शिवाय तुलना करून देणाऱ्या साइटवर कधी कधी थोडा जुना भाव दिसतो. तिथे ४,३०० म्हणून टिचकी मारावी आणि आत ४,९०० निघावेत, हा अनुभव सगळ्यांचा आहे. मंगळवारी तिकीट काढलं की स्वस्त मिळतं, ही समजूतही अमेरिकेतल्या जुन्या काळची. बुकिंग कुठल्या वारी करता यापेक्षा उडता कुठल्या वारी हे कितीतरी महत्त्वाचं. शुक्रवार संध्याकाळ, रविवार रात्र आणि सोमवारची पहाट टाळा. मंगळवार-बुधवारची दुपार किंवा शनिवारची सकाळ बघा. एवढ्याने जो फरक पडतो तो कुठल्याही युक्तीने पडत नाही.

मग काढायचं कधी? साध्या दिवसांत, देशांतर्गत प्रवासासाठी, आमच्या मते एक ते दोन महिने आधी. त्याही आधी गेलात तर गंमत म्हणजे फार फायदा होत नाही. सहा-आठ महिने आधी कंपनीला घाई नसते, सगळ्यांत खालचे कप्पे कधी कधी उघडलेलेही नसतात, आणि वेळापत्रक बदलण्याची भीती वेगळी. उड्डाणाला तीन आठवडे उरले की दर आठवड्याला जिना चढायला लागतो. शेवटच्या सात दिवसांत थांबणं म्हणजे जुगार.

सणाला हा हिशेब लागू नाही. दिवाळीच्या आधीचं पुणे-नागपूर घ्या. जाताना विमान भरलेलं, येताना भाऊबीजेनंतर भरलेलं. ही गर्दी कंपनीला वर्षभर आधी माहीत असते, त्यामुळे स्वस्त कप्पे मुळातच छोटे ठेवतात. सेलच्या जाहिरातीतही या तारखा बहुधा वगळलेल्या असतात. इथे तीन-चार महिने आधी तारीख नक्की करून मोकळं व्हावं, भाव उतरायची वाट बघू नये. पण दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशीच उडायची तयारी असेल, तर बघा, त्या दिवशी बहुतेक लोक घरी पोचलेले असतात.

शेजारचा विमानतळही बघावा. गोव्यात २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाले. सावंतवाडी-पेडण्याकडच्या माणसाला मोपा जवळ, मडगावकराला दाबोळी. भाड्यात हजाराचा फरक दिसला म्हणून उलट्या टोकाला उतरलात तर टॅक्सीवाला तो हजार वसूल करतो, वर आणखी घेतो.

आणि तुलना करायची ती पहिल्या पानावर नाही, पैसे भरायच्या पानावर. सीट निवडायचे पैसे, खाण्याचे पैसे, माणशी लागणारी कन्व्हिनियन्स फी. चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीट विकायची परवानगी आपल्याकडे २०२१ मध्ये मिळाली, तेव्हा बॅग धरलेली आहे का तेही बघा. जादा किलो लागणार असतील तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते महाग पडतात.

दोन नियम मात्र पाठ असू द्या. प्रवास निदान सात दिवस पुढे असेल आणि तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढलं असेल, तर बुकिंगनंतर पहिल्या २४ तासांत ते दंडाशिवाय रद्द करता येतं. म्हणजे बरा भाव दिसला की घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा. दुसरं, 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केलं तरी त्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं. कित्येक जण ते मागतच नाहीत.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी दुपारी तीनला नागपूरहून आमच्या घरी फोन आला, मामांना आयसीयूत हलवलंय. एरवी चार हजारांच्या आसपास मिळणारं तिकीट त्या संध्याकाळी चौदा हजारांना होतं. दोघांचे अठ्ठावीस. आम्ही भरले, कारण आमच्याकडे होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींवर अशीच वेळ आली होती, तेव्हा त्या रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून गेल्या आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लिटलवुडच्या गणितात कंपनीच्या कामासाठी निघालेला मॅनेजर आणि बापाच्या शेवटच्या भेटीला निघालेला मुलगा यांत काहीही फरक नाही. दोघंही 'उशिरा येणारे'. पण एकाचं तिकीट ऑफिस भरतं.

यावर लोक म्हणतात, सरकारने कमाल भाडं ठरवून द्यावं. आपण तो प्रयोग केलेला आहे. २५ मे २०२० ला विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रवासाच्या वेळेनुसार किमान आणि कमाल भाडं सरकारने बांधून दिलं. ३१ ऑगस्ट २०२२ ला ते उठलं. त्या काळात वरचं टोक आवरलं गेलं, पण खालचंही बांधलेलं होतं, म्हणून अगदी स्वस्त तिकिटंही मिळेनात. एरवी किमान भाडं बांधलं नाही तरी कंपनी वरचे गेलेले पैसे खालून काढायला बघणारच, कारण स्वस्त कप्प्याचा खर्च महाग कप्पाच उचलत असतो. संकटाच्या दिवसांत कमाल मर्यादा हवी, असं आम्हाला वाटतं. कायमची असावी असं वाटत नाही.

त्यापेक्षा एक लहान गोष्ट करता येईल. उत्तर अमेरिकेत एअर कॅनडासारख्या काही कंपन्या घरातल्या मृत्यूसाठी किंवा गंभीर आजारासाठी निघालेल्यांना वेगळं, कमी भाडं देतात. कागदपत्रं दाखवावी लागतात. आपल्या बजेट कंपन्या विद्यार्थ्यांना, सैनिकांना, ज्येष्ठांना सवलत देतातच. मग प्रत्येक विमानातल्या दोन सीट उड्डाणाच्या आदल्या दिवसापर्यंत अशा माणसासाठी मधल्या भावात राखायला हरकत काय आहे? १८० सीटच्या विमानात दोन सीट म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. आणि रात्री आठपर्यंत कोणी नाही आलं, तर खुशाल विकाव्यात, चढ्या भावाने.

आजोबा आज आलेले दिसतात, तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांचा हात वर आहे, म्हणजे उत्तर पटलेलं नसावं. माइक द्या त्यांना.