वृद्धांच्या हातापायांवरील सूज



दिवसभर कापूस वेचून परतलेली आजी ओट्यावर टेकते आणि सुजलेले पाय चोळू लागते. "वय झाले, पाय सुजायचेच," असे म्हणून घरची माणसे तो विषय तेथेच सोडतात. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात नेहमी कानी पडणारा हा उद्गार अर्धाच खरा आहे.

रक्तातील काही पाणी सूक्ष्म केशवाहिन्यांतून बाहेर झिरपते व पुन्हा माघारी जाते. या देवघेवीची मीमांसा स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडली. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि नीलांतील झडपा ते खाली घसरू देत नाहीत. वयोमानाने या झडपा सैल पडतात. मग फार वेळ उभे राहिल्यास किंवा पाय लोंबते सोडून बसल्यास पाणी घोट्यापाशी साचते. रात्री पाय उशीवर ठेवून निजल्यास ही सूज बहुधा सकाळी ओसरते.

परंतु सूज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. हृदय दुबळे झाल्यास दोन्ही पाय सुजतात व आडवे होताच धाप लागते. मूत्रपिंडे बिघडल्यास सकाळी डोळ्यांभोवतीही सूज दिसते. यकृताच्या विकारात पोट फुगते. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनसारख्या किंवा सांधेदुखीवरील काही गोळ्यांनीही पाय सुजतात. हातांची बोटे सुजून सकाळी आखडत असतील, तर संधिवाताची शंका घ्यावी. डासांमुळे होणाऱ्या हत्तीरोगात सूज वर्षानुवर्षे वाढत जाऊन त्वचा जाड होते.

एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुजेबरोबर धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

एरवी नडगीवर अंगठा काही क्षण दाबून पाहावा. खळगा तसाच राहिला, तर पाणी साचले आहे असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. लघवी वाढविणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये, तशीच रक्तदाबाची गोळी परस्पर बंदही करू नये. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभराहून अधिक नसावे. लोणचे-पापडांतील मीठही त्यातच मोजावे.

सणासुदीला आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. त्या वेळी त्या पायांकडे नीट पाहण्याचीही सवय लावून घेऊ या.