दशावतारी प्रयोगांचे चित्रण व नटाचा हक्क

इन्सुलीच्या परिसरात जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकास लिखित संहिता बहुधा नसते. पौराणिक कथासूत्र ठरलेले असते, संवाद मात्र नट आयत्या वेळी रचतात. अशा प्रयोगाचे चित्रण आंतरजालावर ठेवून कोणी जाहिरातींचे उत्पन्न मिळविल्यास त्यावर हक्क कोणाचा? कथा सर्वांची, म्हणून प्रयोगही सर्वांचा, हे अनुमान सदोष होय. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने नटास सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क मिळाला. त्याची मुदत आज ५० वर्षे आहे. केवळ अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेले मुद्रण कलम ३९ अन्वये या हक्काचा भंग ठरत नाही. परंतु तेच मुद्रण उत्पन्नार्थ प्रसृत केल्यास हा आधार उरत नाही. तेथे नटाची संमती आवश्यक होय. कथा परंपरेची असली, तरी उक्ती नटाची असते.